घाम एकाचा, ताट दुसऱ्याचं

वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती बसला आहे. अठराव्या शतकात रास्त्यांनी हे देऊळ उभारलं तेव्हा नदीचा भरवसा नव्हता, म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केली. पुराचं पाणी तिच्यावर येऊन थडकावं आणि दोन्ही अंगांनी निमूट निघून जावं, ही त्यामागची योजना. आत मात्र निमुळतं असं काहीच नाही. एकाच पाषाणातून घडवलेली ती मूर्ती इतकी ऐसपैस बसली आहे की गाभारा तिच्या मापानं शिवून घेतल्यासारखा वाटतो. गावानं तिला नाव दिलं ढोल्या. ते नाव घेताना वाईकराच्या आवाजात चेष्टेचा लवलेशही नसतो, उलट थोडा अभिमानच असतो. हेच विशेषण एखाद्या लग्नात आत्याच्या मुलाला लावून पाहावं, म्हणजे दोन घरांचं येणंजाणं कसं बंद होतं ते कळेल. देव असण्याचे जे काही फायदे आहेत, त्यांत हा मी फार वरचा मानतो.

माझं आजोळ वाईचं. त्या घरात तराजू होते, पण ते धान्याचे आणि गुळाचे. माणसाचं वजन करण्याची कुणाला गरज भासली नव्हती. आमचं पहिलं वजन झालं ते पुणे स्टेशनच्या फलाटावर. तिथं रंगीत दिवे लुकलुकणारं एक उंच यंत्र होतं. त्यावर चढायचं, आतलं चाक गरगरून थांबेपर्यंत श्वास धरायचा आणि नाणं टाकायचं. खट्‌कन आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडे. त्यावर वजन असे आणि सोबत आपलं भविष्यही. कधी नटनटीचं चित्रसुद्धा निघे. आई वजनाकडे बघतही नसे. ती भविष्य मोठ्यानं वाची, 'बरं आहे' म्हणे आणि तिकीट प्रवासाच्या पिशवीत टाकून देई. वजन आणि भविष्य एकाच कागदावर छापण्यात काही अर्थ आहे हे मला कळलं निवृत्तीनंतर, डॉक्टरांनी तसाच एक कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा. यावेळी नटीचं चित्र तेवढं नव्हतं.

डॉक्टरांचं गणित सोपं होतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र बेल्जियमच्या अडोल्फ केटले या गृहस्थांनी १८३० च्या दशकात काढलं. ते खगोलाचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. कुणाचं पोट आत घालण्याची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. सरासरी माणूस कसा असतो, याचं त्यांना कुतूहल होतं. पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स असं नाव दिलं आणि ताऱ्यांकडे बघणाऱ्या माणसाचं गणित जगभरच्या दवाखान्यांत येऊन बसलं. पाश्चात्त्य देशांत हा आकडा २५ पर्यंत चालतो. भारतीयांसाठी मात्र रेषा २३ वर ओढली आहे, कारण तेवढ्याच वजनाला आपल्या अंगात चरबी जास्त असते, ती पोटाभोवती बसते आणि मधुमेहाला लवकर आवतण देते. पुरुषांच्या कमरेला ९० सेंटिमीटर, बायकांच्या कमरेला ८०, त्यापुढे धोका. माझी उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो. भागाकार साडेसत्तावीसच्या वर गेला. डॉक्टर म्हणाले, पासष्ट असायला हवं. म्हणजे इतकी वर्षं मी तेरा किलो विनापरवाना बाळगत होतो.

हे तेरा किलो आले केव्हा, हे मला ठाऊक नव्हतं. त्याचा दोष मी काही अंशी लेंग्याला देतो. धोतर, लेंगा आणि नऊवारी ही आपली जुनी वस्त्रं फार क्षमाशील. नाडी कधी तक्रार करत नाही. काल जिथं गाठ मारली त्याच्या बोटभर अलीकडे आज मारावी, ती तेवढ्याच मायेनं बसते. पट्टा मात्र हिशेबी असतो. एकदा सवड काढून मी माझा नोकरीतला जुना कातडी पट्टा उजेडात धरून पाहिला. एकेका भोकापाशी कातड्याला आडवी चुणी पडलेली. आतल्या भोकापाशी लग्नाची वर्षं होती, त्याच्या पुढच्याशी बढती आणि टेबलावरचा चहा, आणि शेवटचं भोक तर कंपनीनं दिलेलंच नव्हतं. ते घरी खिळा तापवून पाडलेलं होतं. आत्मचरित्र लिहायचं ठरलं तर मला वेगळी साधनसामग्री लागणार नाही.

यावर उपाय विचारला तर घरोघरी उत्तरं तयार असतात. मराठी माणसाला पूर्वी टिळक की आगरकर असं निवडावं लागे. आपल्या काळात दीक्षित की दिवेकर असं निवडावं लागलं. डॉक्टर जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि मधल्या वेळात तोंड बंद ठेवा. ऋजुता दिवेकर सांगतात, उपाशी राहू नका, घरचं खा, तुपाला घाबरू नका. आमच्या नातेवाइकांत उभी फूट पडली होती. एका मावसभावाकडे चार वाजता गेलं तर चहासुद्धा मिळेना. दुसऱ्याकडे दर दोन तासांनी वाटी पुढे येई. दोघांचीही वजनं कमी झाली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण मला या सगळ्यात एक गोष्ट खटकत राहिली. बोलणं सगळं तोंडात काय जातं याविषयीचं होतं. हातांविषयी कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

हात म्हटलं की मला आजी आठवते. पहाटे घरातला पहिला आवाज जात्याचा असे. ती घरघर ऐकत आम्ही पोरं दुसऱ्या झोपेत शिरत असू. एक पाय लांब करून, खुंटा दोन्ही हातांनी धरून ती दळी, आणि दळता दळता ओवी म्हणे. श्वासाला वळण लागावं, कंटाळा येऊ नये आणि पोटातलं दुःख कुणाचं नाव न घेता बाहेर पडावं, अशी तिन्ही कामं त्या ओवीत होत. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वां यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, यावरून महाराष्ट्रात किती पीठ पडलं असेल याचा अंदाज करावा. दळण झालं की सडा, मग पाणी, मग घाटावर धुणं. कोरडे कपडे घेऊन घाट उतरायचा आणि ओल्या पिळ्यांची बादली घेऊन चढायचा, यातली खुबी चढताना कळते. घरी आल्यावर पाट्यावर वाटण. उन्हाळ्यात त्यात मसाला कांडणं आणि कुरडयांचा चीक हाटणं यांची भर. व्यायाम हा शब्द तिच्या कानांवरून गेला असेलच तर तो तालमीतल्या पोरांच्या संदर्भात.

वाईच्याच सातारा जिल्ह्यात औंधचं संस्थान होतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी ते शाळांत सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिलं आणि सूर्यनमस्कारांचा दूरवर प्रसार केला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मनात येतंच, की राजाला घामाची वेगळी सोय करावी लागते. आजीला ती करावी लागली नाही.

आता इथवर लिहून थांबलो असतो तर हा निबंध फार सुंदर झाला असता. आमच्या कुटुंबाच्या मेळाव्यांत तो असाच सांगितला जातो. पूर्वीच्या बायका बघा, मरेपर्यंत काम, ना मधुमेह ना रक्तदाब, अंगावर गुंजभर मांस जास्त नाही. सगळे माना डोलावतात आणि बासुंदीची दुसरी वाटी घेतात. वय वाढल्यावर मला त्या घराचं ताट आठवू लागलं. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची आणि सगळ्यांत शेवटी, भांड्यांच्या तळाशी काय आहे ते पाहून, आजी. भाजी संपलेली असे. आमटी असे, पण तिच्यातल्या डाळीनं आधीच्या पंगतींत निरोप घेतलेला असे. ती सकाळची भाकरी आणि ठेचा घेऊन बसे आणि तिचं जेवण होईतो चहाचं आधण ठेवायची वेळ होई. तुपाचं भांडं तिच्यापर्यंत पोचलेलं मी पाहिलेलं नाही. ते आजोबांच्या भातावर थांबत असे. आजोबा ओसरीवर तक्क्याला टेकून बसत, पत्रं लिहीत, आल्यागेल्याशी बोलत. त्यांना छान गोलाई आलेली होती आणि तिला लोक समृद्धी म्हणत. एकाच्या अंगात सगळा घाम, दुसऱ्याच्या अंगात सगळं तूप. दोघांची मिळून सरासरी काढली असती तर घर अगदी तंदुरुस्त निघालं असतं. केटलेसाहेबांना ते घर आवडलं असतं.

घाम आणि ताट एकाच देहात भेटलेली माणसं त्या काळीही होती, नाही असं नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. भाकरी हवी तर काम करून देत. आणि आमच्या वाईचं तर एक उदाहरण मला फारच प्रिय आहे. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन निघाले आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी वेदान्त शिकू लागले. प्रकृती सुधारावी असाही हेतू होता. मग त्यांनी गांधीजींना एक लांब पत्र पाठवून रजेचा हिशेब दिला. आधी रोज दहा-बारा मैल चालत होतो, मग रोज सहा ते आठ शेर धान्य दळू लागलो, आता तीनशे सूर्यनमस्कार घालतो, प्रकृती सुधारली, असा त्याचा मथितार्थ. वाचनालयाच्या खर्चासाठी लोकांची दळणं दळून देण्याचा उद्योगही त्यांनी मित्रांना बरोबर घेऊन केला. ते पत्र वाचून गांधीजींच्या तोंडून, हा तर भीम आहे, असे उद्‌गार निघाले म्हणतात. विनोबांचा कुठलाही फोटो पाहिलेल्या माणसाला हा भीम ओळखायला थोडा वेळ लागेल. मला मात्र दुसरंच काही सुचतं. त्याच वर्षी, त्याच गावात, माझ्या आजीची सासू जवळपास तेवढंच धान्य दळत असणार. तिनं कुणाला पत्र लिहिलं नाही.

आमच्या पुण्याच्या घरात परिस्थिती सुधारली होती, असं आमचं मत होतं. पंगती मोडून टेबल आलं, बायको शेवटी जेवायची राहिली नाही, निदान रविवारी तरी. पण नीट पाहिलं तर आजी-आजोबांची ती वाटणी आम्ही मोडली नव्हती, नुसती घराबाहेर नेली होती. आमच्याकडे एक मावशी येत. तीन घरांची धुणी, भांडी, फरशी करून त्या चौथ्या घरी, म्हणजे आमच्याकडे, पोचत. सकाळपासून पोटात चहा आणि त्यात बुडवलेला पाव. त्या फरशी पुसत आणि मी सोफ्यावर पाय वर घेई, त्यांना अडचण नको म्हणून. तेवढीच माझी हालचाल. मुलगा संध्याकाळी जिमला जाई. तिथं दोन्ही हातांत जड वजनं धरून चालण्याचा एक व्यायाम असतो, त्याला फार्मर्स वॉक म्हणतात. शेतकऱ्यानं तो कधी पैसे भरून केल्याचं ऐकिवात नाही. मावशी तोच व्यायाम दोन बादल्या घेऊन बाथरूमपासून गॅलरीपर्यंत रोज करत होत्या, आणि त्यांचं हिमोग्लोबिन कमी होतं. श्रम सगळे त्यांच्याकडे, जेवण सगळं आमच्याकडे. नुसत्या कष्टानं माणूस निरोगी होत असता तर या शहरातलं सर्वांत निरोगी घर त्यांचं असतं.

मग मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या. त्या रात्री हिनं जेवणाच्या टेबलावर कामांची वाटणी जाहीर केली. मी हरकत घेतली नाही, कारण माझ्या तोंडात घास होता. "फरशी आणि दळण तुमच्याकडे," ती म्हणाली. भांडी मुलाकडे गेली, कपडे आणि भाजी चिरणं सुनेकडे, आणि स्वयंपाक हिनं स्वतःकडे ठेवला, पण कणीक मळायचं काम त्यातून अलगद सोडवून माझ्याच नावावर चढवलं.

फरशी पुसणं ही मागे सरकत करायची विद्या आहे. पुढे जात पुसली की आपलीच पावलं उमटतात आणि आपण आपल्याच मागे लागतो. दांडीचा मॉप मिळतो हे मला माहीत आहे, पण हिनं तो माळ्यावर ठेवला होता आणि माळा चढण्यापेक्षा ओणवं होणं सोपं होतं. पहिल्या दिवशी स्वयंपाकघर ओलांडताना मला धाप लागली. सोफ्याखाली हात घातल्यावर आमच्या घराचा भूतकाळ हाती येऊ लागला. पेनाची टोपणं, एक सोंगटी, आणि माझ्या शर्टाचं एक बटण. पोटाजवळचं. ते आपण होऊन तुटलं असेल असं मला वाटत नाही, फार काळ एकट्यानं भार सोसला असणार त्यानं.

शास्त्राचं म्हणणं मी नंतर वाचलं. नुसतं बसून राहायला लागणारी शक्ती एक धरली तर केर काढायला आणि फरशी पुसायला तिच्या तिपटीहून थोडी जास्त लागते, म्हणजे मध्यम वेगानं चालण्याइतकी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं अशी मध्यम हालचाल करायला सांगते. ती सलग दहा मिनिटं तरी असावी, अशी एक अट पूर्वी होती. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली. जिना चढलात, बादली उचललीत, रविवारी माळा झाडलात, सगळं खात्यात जमा. अमेरिकेतल्या जेम्स लिव्हाइन या डॉक्टरांनी तर दाखवून दिलं, की सारख्याच अंगकाठीची दोन माणसं घेतली तरी व्यायाम सोडून दिवसभराच्या साध्या उठबशीत त्यांच्या खर्चात दोन हजार कॅलरींपर्यंत फरक पडू शकतो. खुर्चीतला एक, शेतातला दुसरा. हे वाचल्यापासून मी 'जरा पाणी देतेस का' हे वाक्य म्हणणं सोडलं. उठतो आणि घेतो. एक पेला पाण्यानं काही होत नाही, पण त्या वाक्यानं माझ्या पट्ट्याला एखादं भोक नक्कीच पाडलं होतं.

दळणाचा डबा खांद्यावरून गिरणीत नेताना मी पहिल्यांदा जिन्यातल्या शेजाऱ्यांना नीट भेटलो. मंडईत चालत जायला लागल्यावर आणखी एक शोध लागला. पिशवी स्वतःला उचलायची असली की माणूस बटाटे बेतानं घेतो आणि पालेभाजी जास्त घेतो, कारण ती हलकी असते. आहारशास्त्राच्या पुस्तकात ही युक्ती मला आढळलेली नाही.

ताटाचंही थोडं सांगायला हवं. आपलं मराठी ताट हे मांडणीच्या बाबतीत जगातल्या कुठल्याही ताटाला लाजवील. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. कच्चं, शिजलेलं, आंबट, तुरट, डाळ, धान्य, सगळं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आदर्श ताट कसं असावं याचं चित्र काढलं तेव्हा त्यांना नवं काही शोधावं लागलं नसेल, असं मला आधी वाटलं. मग मी ते चित्र नीट पाहिलं. त्यात भाज्या आणि फळं मिळून अर्धं ताट व्यापून बसलेली आहेत. आपल्याकडे डावी बाजू असते खरी, पण बोटाच्या पेरावर मावेल इतकी. कोशिंबीर म्हणजे मुख्य प्रवेशाआधीची नांदी, आणि समोर भाताचा सह्याद्री. संस्थेनं २०२४ साली सांगितलं, की दिवसाच्या ऊर्जेतला ४५ टक्क्यांहून जास्त वाटा धान्यांचा नसावा. आमच्या घरचा वाटा किती होता ते मी मोजलं नाही, मोजवलं नसतं. सुनेनं भाषण न करता एक गोष्ट केली. तिनं वाढायचे चमचे बदलले. भाताचा डाव कोशिंबिरीत ठेवला आणि कोशिंबिरीचा चमचा भातात. पूर्वजांची मांडणी तीच राहिली, फक्त डाव्या बाजूला बढती मिळाली.

एक गोष्ट मात्र मोडायला सर्वांत कठीण गेली, ती म्हणजे अर्धी पोळी. आपल्याकडे तिसरी पोळी कुणी घेत नाही. 'अर्धीच' घेतो. मग ताटात भाजी उरते म्हणून आणखी अर्धी, मग पोळी उरते म्हणून भाजी, मग भाजीसाठी अर्धी. जगातल्या कुठल्याही गणितज्ञाला या श्रेणीची बेरीज करता येणार नाही. ती पुन्हा प्रेमानं वाढली जाते, त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे वाढणाऱ्या हाताविरुद्ध बोलणं. यावर तोडगा निघाला तो मोजून पोळ्या करण्यानं नव्हे, सगळ्यांनी एकदम जेवायला बसण्यानं. चौघांची ताटं एकाच वेळी वाढली गेली की वाढायला उभं कुणी राहत नाही. आग्रह बसून करता येत नाही, हे मला पंगतींत इतकी वर्षं वाढूनही सुचलं नव्हतं.

आणि हिच्या वजनाचंही कोडं तिथंच उलगडलं. ही बेतानं जेवते आणि तरी डॉक्टरांच्या यादीत हिचंही नाव होतं. आम्ही सगळे उठून गेल्यावर पातेल्यातला दोन घास भात, कुणीतरी टाकलेली अर्धी पोळी, वाटीच्या तळची खीर, हे 'कशाला वाया घालवायचं' म्हणून ही उभ्यानंच संपवत होती. आजी उरलं नाही म्हणून वाळली आणि ही उरलं म्हणून सुटली. रीत तीच. आता उरलेलं टेबलावरच चार वाट्यांत पडतं. चौघांना ते डोळ्यांनी दिसल्यावर दुसऱ्या दिवशी शिजतंच कमी.

मावशी गावाहून परतल्या तेव्हा त्यांनी फरशीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, कोपरे राहतात तुमचे," एवढाच शेरा. फरशी माझ्याकडेच राहिली. त्यांचा पगार होता तेवढाच ठेवला, तो त्यांना मिळायला हवा होता त्यापेक्षा आधीच कमी होता. आता त्या चौथ्याऐवजी पहिल्यांदा आमच्याकडे येतात आणि कामाला हात लावण्याआधी आमच्याबरोबर न्याहारीला बसतात. बसायला त्यांनी बरेच दिवस लावले. आधी दाराशी, मग ओट्याला टेकून, मग खुर्चीच्या कडेवर. ज्वारीची भाकरी, मेथी किंवा चवळीची उसळ, वर लिंबू, आणि त्यांचा हट्ट म्हणून कच्चा कांदा. हिमोग्लोबिनच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याच होत्या, त्या आता रिकाम्या पोटी चहाबरोबर जात नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे एकाच दवाखान्यात गेलो. माझं वजन ७१ भरलं. डॉक्टरांच्या रेषेपासून मी अजून सहा किलो दूर आहे आणि त्यांनी ते सांगायला कसूर केली नाही. मावशींचं वजन ४२ वरून ४६ झालं होतं. माझं उतरलं म्हणून डॉक्टर मान हलवून हसले आणि त्यांचं चढलं म्हणून जास्त हसले. मावशींना ते पटलं नाही. "काम कमी केलंत, म्हणून वाढलं," असं त्या घरी येईपर्यंत मला सुनावत होत्या.

तेव्हा तुम्ही कधी आमच्याकडे जेवायला येणार असाल तर अवश्य या, आग्रहाशिवाय वाढू. रात्रीची ताटं साडेआठला मांडली जातात. पण तुम्ही साडेसातला या, लसूण सोलायचा असतो.